लहान मुलांसह दीर्घ पल्ल्याचा विमानप्रवास

लहान मुलांसह दीर्घ पल्ल्याच्या विमानप्रवासातील आसनव्यवस्था हा प्रवासी विमानवाहतुकीतील भाडे, सुरक्षितता आणि प्रवाशांचे हक्क या तिन्हींशी निगडित विषय आहे. सहा तासांहून अधिक काळ चालणाऱ्या उड्डाणाला सामान्यतः दीर्घ पल्ल्याचे उड्डाण म्हणतात. दोन वर्षांखालील मुलाला मांडीवर घेऊन प्रवास करण्याची मुभा जवळजवळ सर्व विमानकंपन्या देतात. दोन वर्षे पूर्ण झालेल्या मुलासाठी मात्र स्वतंत्र आसन घ्यावेच लागते. या दोहोंच्या मधले, म्हणजे साधारण एक ते दोन वर्षांचे, नुकतेच चालू लागलेले मूल विमानातील पाळण्यात नीट मावत नाही आणि पूर्ण भाडे न भरल्यास त्याला आसनही मिळत नाही. आसनाचा प्रश्न याच वयात सर्वांत बिकट असतो. पुणे शहरातून युरोप किंवा अमेरिकेला थेट विमानसेवा नसल्यामुळे येथील कुटुंबांना हा प्रवास दोन किंवा तीन टप्प्यांत करावा लागतो आणि प्रत्येक टप्प्यावर आसनाची व्यवस्था नव्याने लावावी लागते.

पार्श्वभूमी

भारतीय कंपनीची मुंबईहून दीर्घ पल्ल्याची नियमित प्रवासी विमानसेवा ८ जून १९४८ रोजी सुरू झाली. त्या दिवशी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला गेले. त्या काळात विमानाने परदेशी जाणारे मूल ही अपवादात्मक गोष्ट होती. ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेजसारख्या कंपन्यांनी १९५० च्या दशकात डोक्यावरील रॅकला टांगायचे पाळणे वापरात आणले होते. पुढे रुंद विमाने आल्यावर हे पाळणे प्रवासी कक्षाच्या विभाजक भिंतीवर आले आणि अजूनही तेथेच आहेत.

पुण्यातून असा प्रवास करणाऱ्या कुटुंबांची संख्या वाढली ती माहिती तंत्रज्ञान उद्योगाबरोबर. हिंजवडीचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क आणि खराडी, मगरपट्टा येथील कंपन्यांमुळे शहरातील अनेक तरुण दांपत्ये अमेरिका, जर्मनी, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया येथे नोकरीनिमित्त गेली. तेथे जन्मलेले मूल आजी-आजोबांना दाखवण्यासाठी पुण्यात आणणे, किंवा बाळंतपणासाठी गेलेल्या आजीने परतताना सुनेसह नातवंडाला बरोबर घेऊन येणे, हे आता मध्यमवर्गीय घरांत नित्याचे झाले आहे.

मूल मांडीवर घेण्याची सवय मात्र विमानाच्या आधीची आहे. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या बसमध्ये ५ वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही. रेल्वेतही ५ वर्षांखालील मूल स्वतंत्र जागा न घेता विनामूल्य प्रवास करते. एस.टी.त कोथरूड ते कोल्हापूर मांडीवर बसून जाणारे मूल विमानातही तसेच जाईल, असे गृहीत धरले जाते. परंतु पुण्याहून कोल्हापूर पाच-सहा तासांचे आहे आणि वाटेत उतरता येते. मुंबईहून न्यूयॉर्कला सुमारे १५ ते १६ तास लागतात.

वय आणि भाडे

आंतरराष्ट्रीय प्रवासात प्रवाशांचे तीन वयोगट मानले जातात : दोन वर्षांखालील ‘इन्फंट’, दोन ते बारा वर्षांखालील ‘चाइल्ड’ आणि त्यापुढील प्रौढ. मांडीवरील मुलासाठी आंतरराष्ट्रीय मार्गांवर सामान्यतः प्रौढ भाड्याच्या सुमारे १० टक्के रक्कम व कर आकारले जातात. भारतातील देशांतर्गत उड्डाणांवर बहुधा ठरावीक शुल्क असते. स्वतंत्र आसन घेणाऱ्या मुलाला पूर्ण सेवा देणाऱ्या कंपन्या प्रौढ भाड्यात काही सूट देतात, ती अनेकदा २५ टक्क्यांच्या आसपास असते. स्वस्त दराच्या कंपन्यांत ती सहसा नसते.

वयाची गणना तिकीट काढल्याच्या नव्हे, प्रवासाच्या दिवशी होते. जाताना तेवीस महिन्यांचे असलेले मूल परतीच्या आधी दोन वर्षांचे होणार असेल, तर परतीच्या टप्प्यासाठी स्वतंत्र आसनाचे तिकीट घ्यावे लागते. काही कंपन्या संपूर्ण प्रवासासाठीच तसे तिकीट मागतात. दिवाळीला किंवा नाताळच्या सुट्टीत येऊन महिनाभराने परतणाऱ्या कुटुंबांची या तरतुदीमुळे ऐनवेळी अडचण होते, कारण त्या दिवसांत शेजारचे आसन शिल्लक असेलच असे नाही.

दोन वर्षांची ही मर्यादा मुलाच्या वजन-उंचीवरून किंवा सुरक्षेच्या चाचणीवरून ठरलेली नाही. ती भाडे आकारणीची रेषा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढ-मानकांनुसार एक वर्षाच्या मुलाचे मध्यम वजन ९.६ किलो, तर दोन वर्षांच्या मुलाचे १२.२ किलो असते; मुलींचे अनुक्रमे ८.९ व ११.५ किलो. म्हणजे तेवीस महिन्यांचे मांडीवरचे मूल आणि पंचवीस महिन्यांचे आसनावरचे मूल यांच्या आकारात जवळपास फरक नसतो, फरक तिकिटात असतो.

विमानातील पाळणा

विमानकंपन्या ज्याला बॅसिनेट म्हणतात, तो पाळणा प्रवासी कक्षाच्या विभाजक भिंतीला अडकवला जातो. नाव पाळण्याचे असले तरी तो हलत नाही. घरातल्या झोळीत किंवा पाळण्यात झोके घेऊन झोपण्याची सवय असलेल्या मुलाला त्यामुळे तो परका वाटतो. भिंतीवर ठरावीक जागीच त्याचे खिळे असल्याने एका विमानातील पाळण्यांची संख्या अगदी मोजकी असते. एकपदरी मार्गिकेच्या एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ प्रकारच्या विमानांत पाळण्याची सोय सहसा नसते.

वजनाची मर्यादा कंपनीनुसार सुमारे १० ते १४ किलो असते. मर्यादेपेक्षा अधिक अडचण लांबीची होते. एक वर्षाच्या मुलाची सरासरी लांबी ७५ सेंटिमीटरच्या आसपास असते आणि बहुतेक पाळणे त्याहून फारसे मोठे नसतात. कागदोपत्री वजनात बसणारे मूलही पाय दुमडल्याशिवाय आत मावत नाही, आणि उभे राहू शकणारे मूल आत ठेवणे धोक्याचे असते. पाळण्याचा खरा उपयोग त्यामुळे पहिल्या आठ-दहा महिन्यांतच होतो.

उड्डाण व उतरण्याच्या वेळी पाळणा वापरता येत नाही. हवेतील हादऱ्यांमुळे आसनपट्टा बांधण्याची सूचना झाली की झोपलेल्या मुलाला बाहेर काढून मांडीवर घ्यावे लागते. रात्रीच्या उड्डाणात असे अनेक वेळा घडू शकते.

पाळण्याची मागणी तिकीट काढताना किंवा कंपनीला दूरध्वनी करून नोंदवता येते, पण ती बहुधा ‘विनंती’ म्हणूनच नोंदली जाते. अंतिम वाटप विमानतळावर होते आणि एकाहून अधिक दावेदार असल्यास लहान वयाच्या मुलाला प्राधान्य दिले जाते. ऐनवेळी विमानाचा प्रकार बदलला तर आसनांचा नकाशाही बदलतो आणि आधीची नोंद निरर्थक ठरू शकते.

आसनाची निवड

भिंतीलगतची पहिली रांग लहान मुलांसाठी सर्वोत्तम, असा समज आहे. पुढे कोणी आसन मागे झुकवत नाही आणि मुलाला पायाशी उभे राहायला जागा मिळते, हे खरे. मात्र या रांगेत जेवणाचा ट्रे आसनाच्या हातात बसवलेला असल्याने हात वर उचलता येत नाहीत. परिणामी दोन-तीन आसने जोडून मुलाला आडवे करता येत नाही. पुढे आसन नसल्यामुळे त्याखाली पिशवी ठेवायची सोयही नसते. उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी, म्हणजे नेमक्या ज्या वेळी मूल रडते तेव्हा, दुधाची बाटली आणि कपडे वरच्या कप्प्यात बंद असतात. पाळण्यात न मावणाऱ्या वयाच्या मुलासाठी ही रांग त्यामुळे बऱ्याचदा गैरसोयीची ठरते.

दोन पालक आणि स्वतःचे आसन असलेले एक मूल अशा कुटुंबाला सलग तीन आसनांचा गट सोयीचा असतो. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० या विमानांत इकॉनॉमी वर्गात बहुधा ३-३-३ अशी, बोइंग ७७७ मध्ये बऱ्याच कंपन्यांकडे ३-४-३ अशी आणि एअरबस ए३३० मध्ये २-४-२ अशी रचना असते. चौघांच्या कुटुंबाला मधला चार आसनांचा गट मिळाला तर कोणाही परक्या प्रवाशाला ओलांडावे लागत नाही. मुलाला मार्गिकेलगत बसवणे टाळले जाते, कारण जेवणाची व चहाची गाडी तेथून जाते आणि मुलाचे हात-पाय सहज बाहेर येतात. आपत्कालीन दरवाजाजवळच्या रांगांत लहान मूल असलेल्या प्रवाशाला बसू दिले जात नाही.

मांडीवर मूल असलेल्या दोन प्रवाशांना एकाच गटात शेजारी बसवले जात नाही, यामागे ऑक्सिजन मास्कची संख्या असते. आसनांच्या गटावर सामान्यतः आसनांपेक्षा एकच मास्क अधिक असतो, आणि तोही सर्व गटांवर नसतो. जुळ्या मुलांच्या आईवडिलांना म्हणूनच मार्गिकेच्या दोन बाजूंना किंवा पुढेमागे बसावे लागते. एकट्या प्रौढाबरोबर दोन तान्ही मुले असल्यास दुसऱ्यासाठी स्वतंत्र आसन व मान्यताप्राप्त बालआसन आवश्यक ठरते.

मांडीवरचे मूल आणि सुरक्षितता

आधुनिक विमानांची आसने पुढच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट धक्का सोसतील अशी तपासलेली असतात. अशा धक्क्यात १० किलोचे मूल धरून ठेवण्यासाठी १६० किलो वजनाइतके बळ लागेल. कोणत्याही माणसाच्या हातांना ते शक्य नाही. तीव्र हादऱ्यांत हा भार कितीतरी कमी असला, तरी झोपेत सैल पडलेल्या हातांतून मूल निसटू शकते.

या प्रश्नाकडे जगाचे लक्ष वेधले ते १९ जुलै १९८९ च्या अपघाताने. युनायटेड एअरलाइन्सचे डीसी-१० विमान अमेरिकेतील सू सिटी येथे उतरताना कोसळले. विमानातील २९६ जणांपैकी ११२ जणांचा मृत्यू झाला. मांडीवरील चार मुलांना, तेव्हाच्या सूचनांप्रमाणे, जमिनीवर पालकांच्या पायाशी ठेवण्यास सांगण्यात आले होते. त्यांपैकी एक दगावले. ती सूचना पालकांना देणाऱ्या मुख्य हवाई सेविका जॅन ब्राऊन यांनी नंतर अनेक वर्षे प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र आसन सक्तीचे करावे म्हणून अमेरिकेत मोहीम चालवली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानेही तशी शिफारस केली.

सक्ती मात्र झाली नाही. अमेरिकेच्या संघीय विमान प्रशासनाने २००५ मध्ये ती नाकारली. जादा तिकिटाच्या खर्चामुळे कुटुंबे विमानाऐवजी मोटारीने प्रवास करतील आणि रस्त्यावरचे मृत्यू वाढतील, असा त्यामागचा युक्तिवाद होता. हा युक्तिवाद देशांतर्गत प्रवासाला लागू पडतो. पुण्याहून शिकागोला मोटारीने जाण्याचा पर्याय कोणापुढेच नसतो, त्यामुळे दीर्घ पल्ल्याच्या उड्डाणांबाबत त्याचे वजन कमी होते.

युरोपात मांडीवरील मुलाला पालकाच्या पट्ट्यात अडकवायचा जोडपट्टा बांधणे बंधनकारक आहे, तर अमेरिकेत विमान धावपट्टीकडे जाताना, उडताना व उतरताना असा पट्टा वापरण्यास मनाई आहे. धक्क्यात पालकाच्या शरीराचा भार मुलाच्या पोटावर येतो, हा अमेरिकी आक्षेप. भारतीय कंपन्याही हा जोडपट्टा देतात. एकाच प्रवासात कंपनी बदलली की याबाबतची सूचनाही बदलू शकते.

मुलासाठी आसन घेतल्यास मोटारीत वापरायचे बालआसन विमानात नेता येते, मात्र त्यावर विमानात वापरण्यास मान्यता असल्याचे लेबल हवे आणि कंपनीला पूर्वकल्पना दिलेली असावी. इकॉनॉमी वर्गातील आसनाची रुंदी साधारण ४३ ते ४६ सेंटिमीटर असल्याने रुंद बैठकीची बालआसने बसत नाहीत. इतरांचा बाहेर पडण्याचा मार्ग अडू नये म्हणून ते बहुधा खिडकीशी लावावे लागते. सुमारे १० ते २० किलो वजनाच्या व स्वतंत्रपणे बसणाऱ्या मुलांसाठी आसनाच्या पाठीला बांधायचा ‘केअर्स’ हा खांदेपट्टाही उपलब्ध आहे. अमेरिकेत त्याला २००६ मध्ये मान्यता मिळाली. बालआसनापेक्षा तो कितीतरी हलका असतो, पण सर्वच कंपन्या तो स्वीकारत नाहीत.

पुण्याहून जाणारे मार्ग

पुणे विमानतळ लोहगाव येथे भारतीय हवाई दलाच्या तळावर आहे. धावपट्टी सुमारे २,५०० मीटर लांब असून पूर्ण भारासह युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या रुंद विमानांसाठी ती अपुरी पडते. लुफ्तान्साने २००८ मध्ये प्रायव्हेटएअर या स्विस कंपनीच्या छोट्या विमानांनी पुणे–फ्रँकफर्ट सेवा सुरू केली होती. ती बंद पडल्यानंतर युरोपशी थेट संबंध उरला नाही. विस्ताराने २ डिसेंबर २०२२ रोजी पुणे–सिंगापूर सेवा सुरू केली. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी ही कंपनी एअर इंडियात विलीन झाली. दुबई व बँकॉककडेही पुण्याहून उड्डाणे सुरू झाली. ही सर्व उड्डाणे लहान, एकपदरी मार्गिकेच्या विमानांनी होतात. विमानतळाचे नवे टर्मिनल १० मार्च २०२४ रोजी उद्घाटन होऊन १४ जुलै २०२४ पासून वापरात आले.

यामुळे पुणेकर कुटुंबापुढे तीन पर्याय उरतात. पहिला, रस्त्याने मुंबईला जाऊन छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावरून लांबचे विमान पकडणे. दुसरा, पुण्याहून दिल्लीला विमानाने जाऊन तेथे विमान बदलणे. तिसरा, दुबई किंवा सिंगापूरमार्गे जाणे. दुसऱ्या व तिसऱ्या मार्गात पहिल्या टप्प्याला पाळणा बहुधा मिळत नाही आणि आसनाची निवड प्रत्येक विमानासाठी वेगळी करावी लागते. दोन टप्पे वेगवेगळ्या तिकिटांवर असतील तर पहिले विमान उशिरा पोहोचल्यास दुसऱ्या कंपनीवर कोणतीही जबाबदारी येत नाही. सामान पुन्हा ताब्यात घेऊन नव्याने चेक-इन करावे लागते, आणि त्या वेळी शेजारची आसने उरलेली नसतात.

मुंबईचा मार्ग त्यामुळे अजूनही सर्वाधिक पसंतीचा आहे. मुंबईहून युरोप-अमेरिकेकडे जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात, म्हणून पुण्यातील कुटुंब संध्याकाळी टॅक्सीने निघते. तीन ते चार तासांच्या या टप्प्यात खंडाळ्याचा घाट येतो. वळणांवर मुलांना मळमळते, आणि निघण्यापूर्वी पोटभर भरवलेले जेवण अनेकदा तेथेच बाहेर येते. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले; तेथून लांबच्या आंतरराष्ट्रीय सेवा मिळू लागल्यास पुण्याहून जाणाऱ्यांचा रस्त्याचा टप्पा कमी होईल.

विमानातील मांडीच्या मुलाविषयी चर्चा होते, टॅक्सीतील मुलाविषयी क्वचितच. मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ नुसार १४ वर्षांखालील मुलाला आसनपट्टा किंवा बालआसनाशिवाय मोटारीतून नेल्यास १,००० रुपये दंड आहे. भाड्याच्या गाड्यांत बालआसन जवळजवळ कधीच नसते. द्रुतगती मार्गावरील हा टप्पा साऱ्या प्रवासातील सर्वांत जोखमीचा असूनही मूल तो मांडीवरच करते. विमानात चालणारे बालआसन घरून नेल्यास ते दोन्हीकडे उपयोगी पडते, ही त्याच्या ओझ्याची भरपाई.

शेजारी बसण्याचा हक्क

आसन निवडण्यासाठी वेगळे शुल्क आकारण्याची पद्धत रूढ झाल्यावर, शुल्क न भरणाऱ्या कुटुंबांतील मुलांना पालकांपासून दूरची आसने मिळाल्याच्या तक्रारी वाढल्या. एप्रिल २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमानकंपन्यांना आदेश दिला की, १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआर क्रमांकावर प्रवास करणाऱ्या किमान एका पालकाच्या शेजारी आसन द्यावे आणि त्याची नोंद ठेवावी.

आदेशातील दोन शब्द महत्त्वाचे आहेत. ‘किमान एका’ म्हणजे आई एका रांगेत आणि वडील दुसऱ्या रांगेत, ही स्थिती नियमात बसते. ‘त्याच पीएनआर’ म्हणजे वेगळ्या तिकिटावर असलेल्या आजीला नातवाशेजारी जागा मिळण्याची हमी नाही. आजी-आजोबा पर्यटक व्हिसावर काही महिने राहून परततात, म्हणून त्यांची तिकिटे बहुधा स्वतंत्र काढलेली असतात. मुलाला सांभाळण्यासाठीच बरोबर निघालेली व्यक्ती पंधरा रांगा मागे बसते, असे त्यातून घडते. स्वतंत्र पीएनआर एकमेकांशी जोडून घेण्याची विनंती कंपनीला करता येते, मात्र तिने आदेशातील हक्क आपोआप मिळत नाही. परदेशी कंपन्या आपापल्या देशांच्या नियमांनुसार वागतात. अमेरिकेच्या वाहतूक विभागाने मार्च २०२३ मध्ये कोणत्या कंपन्या जादा शुल्काशिवाय मुलाला पालकाशेजारी बसवतात, याचा तक्ता प्रसिद्ध केला.

याच्या उलट दिशेनेही पावले पडली आहेत. इंडिगोने २०१६ मध्ये काही रांगा ‘शांत विभाग’ ठरवून तेथे १२ वर्षांखालील मुलांना आसन न देण्याचे धोरण स्वीकारले, तेव्हा त्यावर भारतात बरीच टीका झाली. जपान एअरलाइन्सने २०१९ पासून आसननिवडीच्या नकाशावर तान्ही मुले कोठे बसणार आहेत हे चिन्हाने दाखवण्यास सुरुवात केली. इतर प्रवाशांना त्यांपासून दूर बसता यावे हा त्याचा उद्देश असला, तरी लहान मूल असलेल्या पालकांना दुसऱ्या अशाच कुटुंबाजवळ जागा निवडण्यासाठीही तो नकाशा उपयोगी पडतो.

झोपण्याच्या इतर सोयी

एअर न्यूझीलंडने तीन आसनांचे पायटेकू वर उचलून सपाट बैठक करता येणारी ‘स्कायकाऊच’ ही रचना आणली. लुफ्तान्सा इकॉनॉमी वर्गातील संपूर्ण रांग गादीसह विकते. भारतीय पालकांत पायांच्या जागेत बसवायच्या हवेच्या उशा आणि पेटीसारखी उघडणारी बिछान्याची साधने लोकप्रिय आहेत. पण शेजाऱ्याचा बाहेर पडण्याचा मार्ग अडतो म्हणून काही कंपन्या त्यांना मनाई करतात, काही केवळ खिडकीच्या आसनावर परवानगी देतात. ऑनलाइन विक्रेत्याने ‘सर्व विमानांत चालते’ असे लिहिलेले असले, तरी निर्णय कंपनीचा आणि प्रत्यक्षात त्या उड्डाणावरील कर्मचाऱ्यांचा असतो.

पुण्यातील अनेक आज्या जुन्या मऊ साडीची गोधडी बरोबर देतात. आसनाचे हात वर करून, मुलाचे डोके आईच्या मांडीवर आणि पाय शेजारच्या आसनावर घेऊन त्याला झोपवता येते. मात्र त्यासाठी ते शेजारचे आसन मुलाच्या नावावर असावे लागते, किंवा विमान पूर्ण भरलेले नसावे लागते. शेजारचे आसन रिकामे आहे का, हे दरवाजे बंद झाल्यावरच निश्चित कळते. तेव्हा विमान कर्मचाऱ्यांना विचारून जागा बदलून घेता येते.